नळीच्या भिंतीला चिकटलेलं

चिमूटबाईंचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथून ते कधी बाहेर आलं नाही. अख्खी संस्था तोंडावर त्यांना बाई म्हणायची आणि माघारी चिमूटबाई. त्यांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. मनाला लावून घेण्यासारखं पुढे त्यांच्या वाट्याला इतकं आलं, की असल्या किरकोळ गोष्टींना जागाच उरली नाही.

मी त्याच संस्थेत काच फुंकायचो. नळ्या, चंबू, वेटोळी असलेली उपकरणं, बाजारात जे मिळत नाही ते ज्योतीवर काच वितळवून बनवून द्यायचं. एकतीस वर्षं केलं. "गाल फुगवून पोट भरणारा माणूस" असं माझी बायको मला म्हणायची. माझी खोली तळमजल्यावर आणि बाईंची प्रयोगशाळा बरोबर तिच्यावर. वर खुर्ची सरकली की मला खाली कळायचं, बाई आल्या. पावणेनऊ वाजले असणार म्हणून मी घड्याळ लावून घ्यायचो.

त्या प्रयोगशाळेत स्त्री-पुरुषांच्या हार्मोनांवर काम चाले. बाहेर हे सांगितलं की लोक डोळे मिचकावायचे. आत येऊन पाहिलं असतं तर जांभया दिल्या असत्या. रक्त यंत्रात गरगर फिरवायचं, वर येणारं पिवळसर पाणी काढून घ्यायचं, त्यात ईथर घालून हलवायचं. हार्मोन ईथरमध्ये उतरतं. मग ईथर कोमट पाण्यावर धरून उडवून टाकायचं. नळीच्या तळाशी जे उरतं ते दिसत नाही. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख करा, तसले साठ-सत्तर. ते खारट पाण्यात पुन्हा विरघळवायचं आणि मोजायच्या यंत्रात घालायचं. जे दिसत नाही ते मोजण्यात बाईंचा जन्म गेला.

त्या खारट पाण्यात बाई जिलेटिनची एक चिमूट टाकायच्या. वजन न करता, अंगठा आणि दोन बोटं. म्हणून चिमूटबाई. हे त्यांना मोठ्या साहेबांनी शिकवलं होतं. मोठे साहेब म्हणजे ज्यांनी ही प्रयोगशाळा उभी केली आणि बाईंना एकविसाव्या वर्षी कामावर घेतलं ते. ते म्हणायचे, "या हार्मोनला पाणी आवडत नाही. पाण्यात टाकलं की ते पळून नळीची भिंत धरतं. म्हणून आधी भिंतीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवून ठेवायचं, म्हणजे याला जागाच मिळत नाही." ते जागा अडवून बसणारं म्हणजे जिलेटिन. हे कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं. घरात मीठ किती घालायचं हे कोण लिहून ठेवतं?

बाईंचा हात मात्र खरा. एक आकडा त्या तीनदा काढायच्या, आणि तीनही जुळले तरच लिहायच्या. दुसऱ्याने काढलेल्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. संस्थेत म्हण पडली होती, बाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या स्वतःही तसंच मानायच्या. माझ्या मते ती त्यांची एकुलती एक चैन होती.

लग्न त्यांनी उशिरा केलं, तेहतिसाव्या वर्षी. नवरा टपाल कचेरीत पत्त्यांप्रमाणे पत्रं वेगळी करायचा. दोघेही दिवसभर बारीक अक्षरं आणि बारीक आकडे बघून दमलेले. "आमच्या घरी भांडण होत नाही दादा, डोळे दुखत असतात," असं त्या मला म्हणाल्या होत्या. मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून दादा. दोघांनाही मूल हवं होतं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण माझी धाकटी मुलगी एकदा माझ्या खोलीत येऊन बसली होती तेव्हा बाई दिवसभरात चार वेळा खाली आल्या. चार वेळा नळ्या मागायला. चार दिवस पुरतील इतक्या नळ्या आदल्याच दिवशी वर गेल्या होत्या.

मोठे साहेब वारले आणि नवे साहेब आले. तरुण, तल्लख, बाहेरून शिकून आलेले. त्यांनी पहिल्या महिन्यात दोन गोष्टी केल्या. शेजारच्या हॉस्पिटलशी बोलून मूल होत नसलेल्या बायकांचं रक्त तपासायला मागवून घ्यायला सुरुवात केली, आणि नळ्या प्लॅस्टिकच्या आणल्या. एकदा वापरून फेकायच्या, म्हणजे धुणं नको. बाईंनी चिमूट टाकायला डबा उघडला तेव्हा ते मागे उभे होते.

"हे काय टाकताय?"

"जिलेटिन, साहेब. नाहीतर चिकटतं."

"किती चिकटतं? मोजलंय कुणी?"

"मोजलं नाही, पण मोठे साहेब..."

"कुठे लिहिलंय ते दाखवा."

बाईंनी दोन दिवस जुन्या वह्या उलट्यासुलट्या केल्या. लिहिलेलं कुठेच नव्हतं. जे लिहिलेलं नाही ते करायचं नाही, अंदाजपंचे चिमटी ही काही शास्त्राची रीत नव्हे, असं साहेब म्हणाले. आणि खरं सांगायचं तर ते बाईंना पटलं. आपण आकड्यांच्या बाबतीत इतक्या काटेकोर आणि चिमटीचं वजन कधी केलं नाही, याची त्यांना लाजच वाटली. डबा कपाटात गेला.

आता माझं. प्लॅस्टिकच्या नळ्यांची खोकी माझ्या दारासमोरून वर गेली. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी गत. वीस वर्षं मी या लोकांना नळ्या दिल्या आणि मला कुणी येऊन सांगितलंसुद्धा नाही की उद्यापासून नको. तेव्हा मला एक गोष्ट आठवली होती. मोठे साहेब मला एकदा म्हणाले होते, "प्लॅस्टिकला हे काचेपेक्षा जास्त चिकटतं, म्हणून तर तुम्हाला त्रास देतो." मला हे अगदी शब्दन् शब्द आठवलं. मी वर जाऊन सांगू शकलो असतो, सोळा पायऱ्या होत्या. पण मी मनात म्हटलं, मरा तिकडे. आणि ज्योत मोठी करून कामाला लागलो.

घोटाळा लक्षात का आला नाही, तेही सांगतो. ठाऊक असलेलं हार्मोन घालून जी मोजपट्टी तयार करायची, तिच्या थोड्याशा नळ्या माझ्या जुन्या काचेच्याच राहिल्या. म्हणजे पट्टी बरोबर आणि कापड आटलेलं. आणि येणाऱ्या बायका मूल होत नाही म्हणूनच येत. त्यांचे आकडे कमी आले यात नवल कुणाला वाटणार? उलट साहेब खूष झाले. किती बायकांमध्ये हार्मोन संपत आलंय याचा त्यांनी एक तक्ता करून भिंतीवर लावला.

या लोकांची एक जुनी सवय होती. यंत्र, रसायन, काहीही नवीन आलं की आधी आपलंच रक्त काढून घालून बघायचं. बाई पस्तिशीच्या झाल्या, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि त्यांनी स्वतःचं रक्त काढून बायकांच्या नमुन्यांत ठेवलं. नमुना क्रमांक तेवीस. आकडा आला अकरा. त्या वयात तो साठ, सत्तर, नव्वद असा काहीतरी असायला हवा. अकरा म्हणजे पाळी जाऊन दहा वर्षं झालेल्या बाईचा आकडा. बाईंनी पुढच्या महिन्यात पुन्हा काढला. बारा. त्याच्या पुढच्या महिन्यात अकरा. तीनही जुळले, म्हणून त्यांनी लिहून टाकला.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे. आपण दोघं आहोत." आणि विषय संपला. एका वर्षाने बाईंना फार रक्तस्राव व्हायला लागला. दर महिन्याला आठ-आठ, दहा-दहा दिवस. भिंत धरून जिना चढायच्या. हॉस्पिटलात दाखवलं तर गर्भाशयात गाठी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. मूल हवं असेल तर नुसत्या गाठी काढू, ऑपरेशन जरा किचकट आहे. नको असेल तर पिशवीच काढून टाकू, कायमची कटकट मिटेल. "मूल होण्यासारखं काही उरलंय का, ते आधी तपासून घ्या," असंही त्या म्हणाल्या. बाईंनी पर्समधून स्वतःच्या हाताने काढलेले तीन आकडे पुढे ठेवले. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिले, आणि पिशवी काढली.

तीन आठवड्यांनी बाई कामावर परत आल्या. मी विचारलं, कसं आहे? "हलकं वाटतंय," म्हणाल्या. मीही म्हटलं, बरं झालं. काय बरं झालं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

त्यानंतर दोन वर्षांनी प्लॅस्टिकच्या नळ्यांचं खोकं वेळेवर आलं नाही. कारखान्याला संप की काय होतं. साहेब परगावी परिषदेला गेले होते. बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, "दादा, जुन्या नळ्या आहेत का शिल्लक?" होत्या. मी धुऊन, पुसून, कपाटात रांगेने लावून ठेवलेल्या होत्या. का ठेवल्या होत्या ते विचारू नका. माणूस रुसला तरी त्याला वाटत असतं, कुणीतरी बोलवायला येईल.

त्या आठवड्यात सात बायकांचं रक्त आलं होतं. सातही जणींचे आकडे चांगले आले. पन्नासच्या खाली एकही नाही. बाईंनी ते तीनदा काढले. मग त्यांनी आदल्या आठवड्याच्या, फेकायच्या टोपलीतल्या प्लॅस्टिकच्या नळ्या काढल्या आणि त्या अल्कोहोलने विसळल्या. मूठभर रिकाम्या नळ्या. ते विसळलेलं अल्कोहोल उडवून त्यांनी यंत्रात घातलं. गेला आठवडाभर जे हार्मोन बायकांच्या अंगात नाही म्हणून कळवलं होतं, ते त्या नळ्यांच्या भिंतींवर बसलेलं होतं.

खुर्चीचा आवाज झाला आणि बाई खाली आल्या. चेहरा पांढराफटक. एक रिकामी प्लॅस्टिकची नळी माझ्या टेबलावर ठेवली.

"दादा, ते प्लॅस्टिकला चिकटतं."

"हो तर," मी म्हणालो. "काचेपेक्षा जास्त. मोठे साहेब म्हणायचे."

तोंडातून निघून गेलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ऐकून होतो."

"मग बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं नाही."

जगात जितकी भ्याड वाक्यं आहेत त्यांत हे पहिलं. मी ते बोललो आहे, म्हणून मला माहीत आहे. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. नमुना तेवीस, अकरा, बारा, अकरा, पिशवी. आवाज न चढवता सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि गंमत बघा दादा. त्या गाठी वाढायला हेच हार्मोन लागतं. अंगात ते नसेल तर गाठी सुकतात. मी सतरा वर्षं यात काम करते, मला हे पाठ आहे. मला दहा-दहा दिवस रक्त जात होतं. माझं अंग ओरडून सांगत होतं की आहे, भरपूर आहे. मी त्याला म्हटलं, गप्प बस, मी मोजलंय."

मी ज्योत बंद केली.

फ्रीजरमध्ये प्रत्येकीचं अर्धं रक्त राखून ठेवायची रीत होती, ती मोठ्या साहेबांपासूनची. मीच बनवलेल्या आणि तोंड वितळवून बंद केलेल्या छोट्या कुप्यांमध्ये. रक्तातलं हार्मोन रक्तातल्या प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं, ते भिंतीकडे पळत नाही. म्हणजे तिथे सगळं शाबूत होतं. बाईंनी गेल्या तीन-साडेतीन वर्षांतल्या, 'संपलं' असा शेरा गेलेल्या एकोणचाळीस कुप्या काढल्या आणि माझ्या काचेत, चिमूट टाकून, पुन्हा मोजल्या. एकोणचाळीसपैकी चौतीस जणी ठणठणीत. क्रमांक तेवीस, अठ्ठ्याऐंशी.

साहेब परत आल्यावर बाईंनी कागद त्यांच्या पुढे ठेवले. माणूस हुशार, हे मान्य करायलाच हवं. आम्हाला जे कळायला तीन वर्षं लागली ते त्यांना तीन मिनिटांत कळलं. ते उठून उभे राहिले. बाईंना वाटलं, घाबरले असतील. छे! ते हरखले होते.

"बाई, हे फार मोठं काम आहे! जगभर लोक या नळ्या वापरायला लागलेत. कुणी हे नीट मोजलेलं नाही."

"साहेब, आणि त्या बायका?"

"कुठल्या बायका?"

"चौतीस जणी. त्यांना कळवायला नको?"

साहेब खाली बसले. म्हणाले, आपल्या कागदावर तळाला छापलंय ना, फक्त संशोधनासाठी. हॉस्पिटलने त्यावरून काय ठरवलं ते हॉस्पिटलने बघावं. बाई हॉस्पिटलात गेल्या. तिथे म्हणाले, आम्ही तुमच्या आकड्यावर विसंबून राहिलो, तुम्हीच बघा. महिनाभर हीच टोलवाटोलवी. शेवटी साहेब जरा चिडून म्हणाले, "बाई, आता त्यांना सांगून उपयोग काय? उगीच दुखावतील." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तुमचंही एक ऑपरेशन झालं होतं ना? आता बरं आहे ना?" त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. नमुना तेवीस कोण, हे बाईंनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. निदान त्या माणसाची एका रात्रीची झोप तरी उडाली असती.

पुढचे आठ महिने बाईंनी त्या कामात घातले. तीन जातींचं प्लॅस्टिक, दोन जातींची काच. बाईचं हार्मोन, पुरुषाचं हार्मोन, गरोदरपणातलं हार्मोन. गार पाण्यात, कोमट पाण्यात, चिमूट टाकून, न टाकता. चिमटीचं वजन त्यात पहिल्यांदा झालं. शंभर भागांत एक दशांश भाग. साहेबांना जे कुठे लिहिलेलं हवं होतं ते आता लिहिलं गेलं, आणि वर साहेबांचं नाव आलं. त्या लेखाचा जगभर बोलबाला झाला. साहेब सहा देशांत भाषण देऊन आले. प्रयोगशाळेत पाटी लागली, 'नमुन्यांसाठी प्लॅस्टिकच्या नळ्या वापरू नयेत.' बैल गेला आणि झोपा केला! मला नळ्यांची मोठी ऑर्डर मिळाली. ती मी घेतली, कारण मला पोट होतं, पण त्या वर्षी मी फुंकलेल्या काचेत बुडबुडे फार राहिले.

लेखात त्या बायका एका ओळीत आहेत. 'साठवलेले एकोणचाळीस नमुने.' बाई शेवटच्या ओळीत आहेत, सहायकांचे आभार मानले आहेत तिथे. म्हणजे त्या लेखात त्या दोनदा आहेत आणि दोन्हीकडे नाव नाही.

लेख छापून आला त्या दिवशी बाईंनी रजिस्टर काढलं आणि हॉस्पिटलच्या चिठ्ठ्यांवरून ठणठणीत निघालेल्या सगळ्यांची नावं-पत्ते उतरवून घेतले. स्वतःला सोडून तेहतीस. "मी सांगणार आहे," म्हणाल्या. "चूक माझ्या हातून गेलीय. साहेबांचा हात पिपेटला कधी लागला होता?"

"पण बाई, साहेब म्हणतात तेही..."

"मला जर कळलं नसतं, तर मी मरेपर्यंत स्वतःला वांझ समजले असते. त्या समजतायत. आज, आत्ता समजतायत. त्यांच्यातल्या कितींची तरी पिशवी अजून जागेवर असेल."

पण त्या म्हणाल्या, आधी घरी सांगायला हवं. घरी लपवून बाहेर खरं बोलत फिरणं बरं नव्हे. नवऱ्याला त्यांनी आठ महिने काहीच सांगितलं नव्हतं.

ते त्यांनी कसं सांगितलं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाल्या की तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "हे मला सांगायचं नव्हतंस." एवढं बोलून तो उठला आणि हात धुवायला गेला. तीन आठवडे घरात कामापुरतं बोलणं. पाणी तापलंय. किल्ली घेतलीस का. मला वाटायला लागलं, हे घर मोडतंय. आणि ते मोडलं असतं तर त्यातही माझ्या त्या सोळा पायऱ्या होत्याच.

तीन आठवड्यांनी त्याने बाईंच्या पर्समधून ती यादी काढली आणि चष्मा लावून बसला. टपाल कचेरीतला माणूस. कोण कुठून कुठे राहायला गेलं हे त्याला पत्रांवरून ठाऊक. त्याने अकरा पत्ते दुरुस्त केले, आणि कुठल्या घरापासून सुरुवात केली तर चालणं कमी पडेल त्या क्रमाने यादी पुन्हा लिहून दिली. म्हणाला, "पत्र पाठवू नकोस. असलं पत्र घरातलं दुसरंच कुणीतरी उघडतं. तोंडानेच सांग."

पहिल्या घरी बाईंबरोबर मी गेलो. त्यांनी बोलावलं नव्हतं. मीच म्हटलं, मी येतो, आणि त्या नको म्हणाल्या नाहीत. सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ. तिसऱ्या मजल्यावर एका अरुंद गॅलरीच्या टोकाला खोली. दारात शिवणयंत्र, कपड्यांचा ढीग, आणि त्या ढिगापाठीमागे शिवणकाम करणारी एक तिशीतली बाई. आम्ही संस्थेचं नाव सांगितलं. तिला आठवेना. मग हॉस्पिटलचं सांगितलं, रक्त तपासल्याचं सांगितलं, तेव्हा आठवलं.

"हां हां, तो कागद! या ना, बसा. ते कपडे सारा बाजूला."

आम्ही बसलो. बाईंनी आठवडाभर वाक्यं तयार केली होती. आरशासमोर म्हणून बघितली होती, हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं. "तुमची जी तपासणी आमच्याकडे झाली होती, तिच्यात आमच्याकडून चूक झाली होती. तुम्हाला काहीही दोष नव्हता. ते सांगायला आम्ही आलोय."

ती बाई हसायलाच लागली. "अहो ताई, ते मला केव्हाच कळलं!" आणि तिने मागे वळून हाक मारली. पडद्यामागून दोन-अडीच वर्षांचा एक मुलगा आला, एका पायात मोजा, एक पाय उघडा. तो येऊन तिच्या गुडघ्याला बिलगला.

"कागद घरी नेला तर सासूबाईंनी रडून गोंधळ घातला," ती दोरा तोडत म्हणाली. "हे पण तोंड पाडून बसले. मी म्हटलं, काहीतरीच काय! मला महिन्याच्या महिन्याला पाळी येतेय, अगदी वेळेवर, आणि हा कागद म्हणतो संपलं? माझ्या पोटात काय आहे ते कागदाला काय कळतंय? फाडून टाकला मी तो. वर्षभरात हा झाला."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला वाईट वाटून घेऊ नका हं, ताई. तुमचं कामच ते, तुम्हाला कागद खरेच वाटणार. पण आम्हाला काय त्यातलं कळतं? म्हणून वाचलो."

मी बाईंकडे बघितलं नाही. त्या मुलाच्या उघड्या पायाकडे बघत होतो. बाई पण तिकडेच बघत असाव्यात, कारण ती म्हणाली, "एक मोजा काढून कुठे टाकतो, सापडतच नाही. तुमचे पण असंच करायचे का लहानपणी? तुम्हाला किती मुलं, ताई?"

तिने सहज विचारलं. कुणीही विचारतं.

"मलाही तोच कागद मिळाला होता," बाई म्हणाल्या.

"मग?"

"मी विश्वास ठेवला."

यंत्राच्या चाकावरचा तिचा हात तसाच राहिला. तिने बाईंकडे बघितलं, आणि मग बघता बघता मुलाला ओढून आपल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं, जणू आम्ही त्यालाच न्यायला आलो होतो. आम्ही उठलो. यादीत अजून बत्तीस जणी होत्या.